एकाच नाण्यावरचे दोन राजे

परवा ताईबरोबर संग्रहालयात एक जुनं चांदीचं नाणं पाहिलं. एका राजानं दुसऱ्याला हरवलं आणि त्याची नाणी न वितळवता त्याच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारला. ठसा जरा तिरका पडला, म्हणून हरलेल्याचं नाक तेवढं शाबूत राहिलं.

"काय ऐटदार नाक आहे," ताई म्हणाली.

"अगं, हा हरलेला राजा."

"असू दे. मला हाच दिसतोय."

आम्ही दोघी हसत सुटलो. एवढी मोठी राज्यं ज्यांना अपुरी पडली, ते दोघं शतकानुशतकं नखाएवढ्या जागेत एकमेकांना चिकटून नांदताहेत.

हसणं ऐकून पहारेकरी आला. "काय आहे एवढं?" ताईनं सरकून त्याला जागा करून दिली.