पाच पायांच्या बैलाचा सत्कार

आमचा ऋषिराज, म्हंजी माझ्या धाकट्या भावाचा पोरगा, एमआयडीसीतल्या डेअरीची पक्की नोकरी सोडून घरी बसला. कशापायी, तर लोकांची मनं शांत करायला. 'निवांत' नावाचं ॲप काढलं त्यानं. डोळं मिटा, श्वास घ्या, पाण्याचा आवाज ऐका. वर्गणी वर्षाला नऊशे रुपये. भावानं बजावलं, दिवाळीपातुर चाललं तर ठीक, न्हायतर परत डेअरीत.

"एवढं पैसं कशाचं रं?" मी इचारलं.

"आत्या, आतली चित्रं आपल्या मातीतल्या कलाकारानं काढल्यात. त्याला रास्त मोबदला नको व्हय?"

हेच त्यानं ॲपवर लिवलं, आन् आमच्या कऱ्हाटी गावातल्या लोकांनी कलाकाराच्या नावानं पैसं भरलं. कसला कलाकार? चार शब्द टाइप करायचं, यंत्र फुकटात चित्र देतंय. आयत्या पिठावर रेघोट्या. घरात बायको श्रेया चित्रकलेच्या परीक्षा देऊन बसलेली. ती म्हणाली, मी काढते. तर हा म्हणतो, तुला लई येळ लागंल.

आता आमच्या गावाला सत्काराचा भारी नाद. कुणाची म्हैस चार लिटर जास्त द्याय लागली तरी शाल-नारळ. सोसायटीचं चेअरमन नीळकंठतात्या म्हणालं, त्या कलाकाराचा सत्कार करू. देवळापुढं पडदा लागला, माईक आला. ऋषिराजचं तोंड एवढंसं झालं. शेवटी त्यानं श्रेयालाच कलाकार म्हणून खुर्चीत बसवलं आन् कानात सांगितलं, "नुसती हसत बस."

लॅपटॉपवरनं पडद्यावर पहिलं चित्र आलं. उसाच्या कडंला बैल उभा.

मागनं एक म्हातारा म्हणाला, "ह्याला पाच पाय हाईत की."

श्रेयानं माईक घेतला. "तात्या, ही चित्रं माझी न्हाईत. यंत्राची हाईत, फुकटातली. मला सांगितलं असतं तर चारच पाय काढलं असतं."

मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लोकांनी तितंच पैसं माघारी मागितलं, आन् ऋषिराजला द्यावं लागलं. तात्या शाल घिऊन उभंच. सत्काराला आणलेली शाल माघारी न्यायची आमच्यात रीत न्हाय. त्यांनी ती लॅपटॉपला पांघरली, पुढं नारळ ठिवला आन् फोटो काढून घेतला.

आता ॲप श्रेया चालवती, चित्रंबी तीच काढती. वर्गणी तीनशे; त्यातलं चित्रांचं किती, ते वरच लिवलंय. ऋषिराज दिवाळीच्या आधीच डेअरीत गेला. पहाटं मोटरसायकलवर गारठा लागतो म्हणून तीच शाल गुंडाळतो. यंत्राला कुठं थंडी वाजती.