घरचा सेट

हॉटेलच्या धुलाईखान्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. सत्तावीस वर्षं तिने तिथे चादरींना इस्त्री करून घड्या घातल्या. तिची घडी तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकली तरी मोडणार नाही, असं तिथला मुकादम म्हणायचा. टाकून कोणी पाहिली नव्हती, पण म्हणायला काय जातं! निवृत्तीच्या दिवशी हॉटेलने तिला भिंतीवरचं एक घड्याळ आणि तिनेच वापरून झिजवलेली जुनी इस्त्री भेट दिली. घड्याळ दुसऱ्याच आठवड्यात बंद पडलं.

घरी ती नुसती 'अगं' होती. नवऱ्याला मात्र जो तो उस्ताद म्हणे. रेडिओ, टेपरेकॉर्डर, माइक, भोंगे, ज्यातून आवाज निघतो ते सगळं हा माणूस दुरुस्त करायचा, आणि स्वतःचा आवाज तर त्याने कधी बंदच पडू दिला नाही. दुकान बंद करून सात वर्षं झाली होती. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आल्यागेल्याला एक किस्सा तो हमखास ऐकवी.

"सभागृह खचाखच भरलेलं. बोलणारा बडा माणूस दारात, आणि माइक मुके! अख्खी दुपार मी स्टेजखाली आडवा. शेवटच्या पाच मिनिटांत आवाज लागला. त्या दिवशी हिच्या माहेरी जरा अडचण होती, पण जाणार कसा? कामापुढे मी कधी काही पाहिलं नाही."

पाहुणे मान डोलवत. घडीबाई चहाचे कप उचलून आत जाई.

ती 'जरा अडचण' म्हणजे घडीबाईची आई. एकतीस वर्षांपूर्वी चौदा नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता हॉटेलच्या फोनवर धाकट्या भावाचा निरोप आला: आईचं काही खरं नाही, असशील तशी निघ. माहेर गाडीने चार तासांवर. उस्तादाच्या दुकानाची व्हॅन दारात उभी होती. तो म्हणाला, सभागृहाचं काम आहे, मला हलता येणार नाही. मग ही दोन बस बदलत, मधल्या गावात तीन तास फलाटावर ताटकळत, संध्याकाळी सातला पोचली. आई साडेतीनला गेली होती.

"सारखी दाराकडे बघत होती," भाऊ म्हणाला. "आली का, आली का, एवढंच." आणि मग त्याला राहवलं नाही. "दाजींना चार तास निघाले नाहीत, ताई?"

इथे घडीबाईने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. नवऱ्याची बाजू घेतली. "तुला काय कळणार जबाबदारीचं काम? तुझ्यासारखं घरी बसून नाही चालत त्यांना." भाऊ घरी बसला होता हे खरंच होतं. नोकरी सोडून चार महिने तो आईच्या उशाशी बसला होता. त्या एका वाक्याने बहीणभावाचं जे तुटलं ते तुटलंच. पुढे वर्षाकाठी एखादं पत्र, तेही कामापुरतं.

तर या वर्षी छत गळायला लागलं आणि माळा रिकामा करायची वेळ आली. उस्ताद गुडघे धरून खुर्चीत बसला होता. तिथूनच त्याने हुकूम सोडला.

"सगळं भंगार आहे वरचं. विक नाहीतर फेक. मला विचारत बसू नकोस."

वरच्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेल्या एक ताई राहत. त्यांनी घडीबाईला ऑनलाइन लिलावाची वाट दाखवली. फोटो काढायचा, खाली माहिती लिहायची, सात दिवस थांबायचं. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याला वस्तू. खरेदी पक्की झाली तरी विकणाऱ्याचं खरं नाव झाकलेलं. टोपणनाव मात्र लागतं.

"परीटघडी लिहा," घडीबाई म्हणाली.

पहिली वस्तू तिची ती इस्त्री. खाली तिने खरं तेच लिहिलं: 'तापते. वायर एकदा बदलली आहे. मूठ डाव्या अंगाला झिजलेली आहे, कारण मी डावखुरी आहे.' पाच दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. सहाव्या दिवशी एकाने बोली लावली, सातव्या दिवशी दुसऱ्याने, आणि दोघे असे हमरीतुमरीवर आले की घडीबाई ताईंच्या सोफ्यावरून उठून उभीच राहिली. सत्तावीस वर्षांत तिच्या हातातल्या वस्तूसाठी कुणी भांडलं नव्हतं. मग सुटकेस गेली, टेबललॅम्प गेला, बंद घड्याळसुद्धा बंद आहे असं सांगूनच गेलं. बाई रंगात आली.

एका दुपारी गोधडीखाली रेडिओ सापडला. जुना, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला. हा तरी उस्तादाला विचारावा असं तिच्या मनात होतं. पण विजेच्या वस्तूचा आतला फोटो हवाच, ही लिलावाची अट. तिने चार स्क्रू काढले आणि मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा सोडवला.

उस्तादाची एक सवय होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या पुठ्ठ्यावर आतून तो पेन्सिलीने टिपून ठेवी: तारीख, वेळ, काय केलं, सेट कुणाचा. पुन्हा तोच सेट आला की फसवाफसवी नको. या पुठ्ठ्यावरही टिपण होतं, साल घालून. 'चौदा नोव्हेंबर. दुपारी एक ते पाच. दोन व्हॉल्व्ह बदलले. आवाज फर्स्ट क्लास. घरचा सेट.'

घडीबाईने ते तीनदा वाचलं. साल पुन्हा पुन्हा पाहिलं. मग माळ्यावरून उतरून ती बैठकीत गेली आणि साध्या आवाजात तिने विचारलं, "अहो, तुमचं ते सभागृहातलं भाषण कधी झालं होतं?"

"तुझी आई गेली त्या दिवशी. कमाल आहे, तुझ्याच लक्षात नाही?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी एक ते पाच! साडेतीनला तिथे म्हातारी दाराकडे बघत डोळे मिटत होती आणि इथे हा गृहस्थ स्वतःच्या रेडिओचे कान पिळत बसला होता. बरं, नाही आला तर नाही; पण त्याच्यासाठी तिने भावाला तोडलं होतं! ओरडावं, पुठ्ठा त्याच्या तोंडावर फेकावा, असं तिला वाटलं. पण ओरडण्यात उस्तादाशी कोण जिंकणार? तासाभरात त्याने तिलाच चूक ठरवलं असतं. पुठ्ठा त्याने स्वतःच्या हाताने उघडायला हवा होता आणि स्वतःच्या तोंडाने वाचायला हवा होता. त्यावाचून तिला चैन पडणार नव्हतं.

तिने पेटी घासूनपुसून चकचकीत केली, आतल्या तारांचा फोटो काढला, पुठ्ठ्याचा काढला नाही. स्क्रू परत घट्ट केले. रेडिओ लिलावात लागला. जेवताना ती सहज म्हणाली, "ताई सांगत होत्या, त्या लिलावात हल्ली जुने रेडिओसुद्धा येतात म्हणे."

उस्तादाला दिवसभर टॅबलेट चाळण्याशिवाय उद्योग नव्हता. दोन दिवसांत मासा गळाला लागला.

"अगं, इकडे ये! हुबेहूब आपल्यासारखा सेट! आणि आतलं सोल्डरिंग बघ. डाग म्हणून नाही. कुणातरी जाणकाराचा हात फिरलाय. असे हात आता राहिले नाहीत."

"हो का?" घडीबाई म्हणाली.

"आपला आहे ना माळ्यावर? याची त्याची जोडी होईल."

"तुमच्या सामानाला मी कधी नावं ठेवलीत का?" ती म्हणाली. उत्तर मिळालं असं उस्तादाला वाटलं. आपलंच बोलणं ऐकायची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याचं उत्तर तपासायची सवय नसते.

वर ताईंच्या कानावर हे सगळं गेलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनाही चेव आला. "मी माझ्या नावाने बोली चढवू का? चांगला पिळून काढू."

"नको ताई. खोटी बोली नको. त्यांचं त्यांनाच चढू द्या."

आणि तो चढला. मैना सत्त्याहत्तर नावाचं कुणीतरी खरंच त्या रेडिओच्या मागे होतं. रविवारी दुपारी बाराला लिलाव संपायचा होता. साडेअकरापासून उस्ताद एका बोटाने टॅबलेटशी झुंजत होता. "ही मैना कोण लागून गेली? मला शिकवते!" समोर बसून घडीबाई उशांचे अभ्रे घडी करत होती. दरवेळी मैना थोडी वर जाई, दरवेळी उस्ताद तिच्या डोक्यावर पाय देऊन वर चढे. बारा वाजले तेव्हा चांगल्या नव्या टीव्हीच्या किमतीत त्याने तो रेडिओ जिंकला आणि पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

घडीबाईने रेडिओ वरच्या मजल्यावर नेऊन बांधला. जाड कागद तिने चादरीसारखा घातला, कोपरे आत मुडपून, तळहाताने दाबून, धुलाईखान्यात घालायची तशी. ताईंनी पार्सल कुरिअरच्या हाती दिलं. वरून खाली यायला रेडिओला तीन दिवस लागले.

बुधवारी दहाला पार्सल आलं. उस्तादाने ते टेबलावर ठेवून चारी बाजूंनी पाहिलं.

"याला म्हणतात बांधणी! कोपरे बघ. हा परीटघडी कोण आहे कुणास ठाऊक, पण कसलेला माणूस आहे. शीक जरा."

अडतीस वर्षं हा माणूस त्याच कोपऱ्यांच्या चादरीवर झोपत होता.

बाहेर जायचे कपडे घडीबाईने सकाळीच घातले होते. पिशवी दाराशी भरून ठेवली होती. उस्तादाने यातलं काहीच पाहिलं नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला, चार स्क्रू काढले, पुठ्ठा सोडवून उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला.

"अगं, हे तर माझं अक्षर! म्हणजे हा सेट माझ्याच हाताखालून गेलाय!" तो खूश होऊन हसला. मग त्याची नजर शेवटच्या दोन शब्दांवर गेली. त्याने मान वर करून माळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा आपला रेडिओ? माझाच रेडिओ तू मला विकलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"विक, मला विचारत बसू नकोस, असं तुम्हीच म्हणालात."

"पैसे परत कर आधी!"

"वाचा."

"काय वाचू?"

"लिहिलंय ते. मोठ्याने वाचा. तुमचा आवाज चांगला आहे."

तिच्या स्वरात काय होतं कोण जाणे, पण त्याने वाचायला घेतलं. "चौदा नोव्हेंबर. दुपारी एक ते..." तिथे तो थांबला. पाच म्हणायला त्याचं तोंड उघडेना.

"साडेतीनला माझी आई गेली," घडीबाई म्हणाली.

"अगं, ते... सभागृहाचं काम साडेअकरालाच उरकलं होतं. एक वायर तेवढी सुटली होती. मग म्हटलं, तू तर बसने गेलीसच..."

"व्हॅन दारात होती. बस स्टँडवर मी तीन तास उभी होते."

"मला काय माहीत म्हातारी त्याच दिवशी..."

"सभागृह खचाखच भरलेलं," ती म्हणाली. "एकतीस वर्षं ऐकतेय. मी पण ऐकवलं, माझ्या भावाला."

त्याच्या हातातून तिने पुठ्ठा काढून घेतला, धुतलेल्या अभ्र्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला.

"कुठे निघालीस?"

"भावाकडे. गाडी केलीय. चार तासांत पोचते."

"गाडी? एवढे पैसे कुठून आणलेस?"

"तुम्हीच दिलेत. रेडिओचे."

उस्ताद टेबलाला धरून उठला. गुडघे कुरकुरले. "थांब, मी पण येतो. मी समजावून सांगतो त्याला."

घडीबाईने चपला घातल्या. "तुम्ही कसे येणार? माइक बंद पडलेत ना."

ती जिना उतरली, गाडीत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "वाटेत कुठे थांबू नका."