परांची उतरवण्याचं काम

आमची ताई परांच्या बांधते. इमारतीभोवती पाइप आणि फळ्यांचा सांगाडा उभा करायचा, रंगारी-गवंड्यांचं काम झालं की उतरवायचा. वीस वर्षं हेच. तिच्या हाताखाली आम्ही सहा जण. मी सख्खा भाऊ, म्हणून मला शिव्या दुप्पट.

आठ महिन्यांपूर्वी तिला विषाणूचा ताप आला. ताप आठवड्यात गेला, पण सांधेदुखी, बोटांची सूज आणि थकवा ठाण मांडून बसले. रिपोर्ट मात्र सगळे स्वच्छ. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! कंत्राटदार म्हणाला, "बाई, नाटकं पुरे." दाजी मायेपोटी चुकले. चरबीनंच सूज येते, असं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. त्यांनी तेल, शेंगदाणे, मासे, सगळं घरातून हद्दपार केलं. ताई कित्येक महिने उकडलेल्या भाज्या गिळत होती.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिचं नीट ऐकून घेतलं.

"आजाराशी लढायला शरीर सूज आणतं," त्या म्हणाल्या. "लढाई संपली की ती नुसती विरत नाही, शरीराला ती आवरावी लागते. 'पुरे, आता साफसफाई करा' हा निरोप देणारे काही पदार्थ शरीर स्निग्धांशापासूनच, म्हणजे चरबीपासूनच, बनवतं. काहींच्या बाबतीत तो निरोप कमी पडत असावा. अभ्यास चालू आहे, खात्रीचं औषध माझ्याकडे नाही. पण तुम्ही खोटं बोलत नाही आहात. आणि हो, जेवणातलं तेल कुणी बंद केलं?"

दाजी खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाले.

"म्हणजे परांचीच की!" ताई ताठ बसली. "बांधकाम संपलं म्हणून ती आपणहून खाली येते होय? उतरवावी लागते. आणि घाई केली तर माणूस जातो."

"मग तुम्हीही घाई करू नका. दमायच्या आधी थांबा."

सोमवारी ताई कामावर आली, तर कंत्राटदार तिच्या सहीसाठी कागद घेऊन आला: 'स्वखुशीने काम सोडत आहे.' माझं डोकंच फिरलं. ताईनं कागद वाचला, घडी घालून त्याच्याच खिशात कोंबला आणि शिडी चढू लागली. पहिल्या टप्प्यावर पोचली आणि फळीवर बसली. वर अजून सात टप्पे होते.

"झालं? एवढ्यातच?" तो हसला.

"आज एवढंच. उद्याचं उद्या बघू. इथून मला सगळ्यांचं काम दिसतं. सही पाहिजे ना? या वर."

त्यानं शिडी धरली, दोन पायऱ्या चढला, खाली बघितलं आणि उतरला. परांचीवर पोट भरणाऱ्या या गृहस्थानं उभ्या जन्मात परांचीवर पाय ठेवला नव्हता. अभिमानानं मला रडूच आलं. आम्ही सहाही जण हातातलं टाकून बघत राहिलो.

"तोंड काय बघताय रे?" ताई वरून ओरडली. "तिसऱ्या टप्प्याचे क्लॅम्प कोण कसणार, हा कंत्राटदार?"

आम्ही चढलो.