पावत्या म्हणजे करार नव्हे

हे वाक्य माझं आहे. पंचवटीतल्या एका गल्लीत, मोगऱ्याच्या ढिगासमोर मांडी घालून मी ते एका म्हाताऱ्या बाईला ऐकवलं. ऐकवताना आवाज चढला होता, कारण मला सगळं माहीत आहे असं मला वाटत होतं.

आम्ही चार-पाच जण भाडेकरूंच्या हक्कांवर पत्रकं काढायचो. अजूनही काढतो. त्यातलं एक पत्रक मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या पोरांसाठी लिहिलं होतं. मालक त्यांना तोंडी बोलीवर खोली देतात आणि मनात आलं की सामान रस्त्यावर टाकतात. म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं : ‘तोंडी बोली धुडकावा! करार लिहून घ्या! नोंदवून घ्या!’ वाटून एक गठ्ठा उरला. छापलेला कागद वाया जाऊ देणं माझ्या जिवावर येतं. उरलेला गठ्ठा मी जुन्या वस्तीत वाटला. तिथले भाडेकरू तीस-चाळीस वर्षांपासून राहणारे, त्यांना भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना नव्या कराराची गरज नाही, उलट धोकाच आहे, एवढा विचार करायला मी थांबले नाही.

ती म्हातारी, म्हणजे मावशी, चांदवडकडची. लग्न होऊन त्याच गल्लीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आली, नवरा तिथेच गेला. पहाटे बाजारातून चालत फुलं आणायची, दुपारपर्यंत गजरे ओवायचे, संध्याकाळी देवळाच्या वाटेवर विकायचे. खोली बाजाराजवळ होती म्हणून हे जमत होतं. भाड्याची प्रत्येक पावती ती गजऱ्याच्याच सुईने दोऱ्यात ओवून ठेवायची. ती लड खिळ्याला लटकलेली असायची. खालच्या पावत्या पार तपकिरी झालेल्या.

“तुझं पत्रक लय चांगलं हाय,” ती म्हणाली. “गजरा बांधला तरी फाटत नाय.”

“मावशी, ते वाचायला दिलंय!”

“शेजारणीनं वाचून दाखवलं की. करार पाहिजे म्हणतीस. माझ्याकडं करार नाय बाई, ही लड हाय.”

तेव्हा मी ते वाक्य बोलले. आणि वर म्हणाले, “उद्या मालकाने हाकललं तर काय दाखवाल?”

बिचारी घाबरली. स्वतःहून मालकाकडे गेली, करार करून द्या म्हणाली. जुना मालक वारल्यापासून त्याचा मुलगा तिला बाहेर काढायच्या खटपटीत होता. कायदा आड येत होता. आता भाडेकरूच दारात येऊन उभी! तो आठवड्यात एजंट घेऊन आला. लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र, सगळं घरपोच. साक्षीदार म्हणून मी हजर.

“ताई म्हणतात ते अगदी बरोबर आहे, मावशी,” मालक गोड आवाजात म्हणाला. “सगळं कायदेशीर पाहिजे. त्या जुन्या पावत्या माझ्याकडे द्या, जुनं खातं बंद करून टाकतो.”

मी मसुदा चाळला. लीव्ह अँड लायसन्स, अकरा महिने, भाडेकरूचा कोणताही हक्क नाही. कारखान्याच्या पोरांच्या करारांत हेच असतं, रोज वाचायचे. खटकलं नाही.

मावशीचा अंगठा यंत्र घेईना. दोरा ओढून ओढून रेषा झिजल्या होत्या. एजंटने चार वेळा दाबून पाहिला.

“लिही बाबा, म्हातारीला अंगठाच नाय,” ती हसत म्हणाली. “राहू दे. देवालाच नको असंल.”

मी माझ्या ओढणीने तो अंगठा पुसला, माझ्या हातात धरला आणि काचेवर दाबला. घेतला यंत्राने. मी फोटो काढला, पुढच्या पत्रकासाठी. मालक लड पिशवीत घालून घेऊन गेला.

अकरा महिने संपले आणि मालकाने जागा खाली करून मिळावी म्हणून भाडेनियंत्रण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. सुनावणीला मी मावशीबरोबर गेले, तावातावाने बोलले. अधिकाऱ्यांनी शांतपणे करार पुढे सरकवला. लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा, कायदाच तसा आहे. मी मोबाईल काढून तो फोटो दाखवला. मावशीच्या मागे भिंतीवर लड दिसत होती.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. “ताई, यातलं एक अक्षर तरी वाचता येतंय का?”

नव्हतं येत. तपकिरी कागदांचा झुबका, बस. इतक्या वर्षांच्या पावत्या माझ्यासमोर लटकत होत्या आणि मी त्यांतल्या एकीचाही जवळून फोटो घेतला नव्हता. आमच्या ओळखीच्या वकिलांनी दिवाणी कोर्टाचा रस्ता सांगितला. वर्षं लागतील म्हणाले. मावशी म्हणाली, “तेवढी कुठं हायेत माझ्याकडं?”

खोल्या गेल्या. ती शहराबाहेर एकलहऱ्याला भाच्याकडे राहायला गेली. तिथून पहाटे फुलबाजार कसा गाठणार?

मालक लबाड होता, हे मी कुठेही ओरडून सांगेन. पण यंत्राने चार वेळा नाही म्हटलं होतं. पाचव्यांदा तो अंगठा मालकाने दाबला नव्हता.

पत्रक आम्ही सुधारून छापलं. शेवटी एक ओळ घातली : ‘जुन्या भाडेकरूंनी पावत्या जपाव्यात, वकिलाला विचारल्याशिवाय नव्या करारावर सही किंवा अंगठा देऊ नये.’ ते घेऊन मी एकलहऱ्याला गेले. मावशी ओट्यावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी तिला रिकाम्या हातांनी बसलेली कधी पाहिलीच नव्हती. मी ती ओळ वाचून दाखवली. मला वाटलं होतं, बोलेल काहीतरी, शिव्या देईल. तेवढ्यासाठीच गेले होते बहुतेक.

तिने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“बारीक लिहिलंय गं,” ती म्हणाली. “मोठं लिही.”

मग तिने तो घडी करून उशाखाली ठेवला. त्यात बांधायला आता फुलं नव्हती.