खर्ड्याला शोधलेला गंधार

तीन महिने एक चाल सुचेना. पुण्याच्या नाटक मंडळीत मी पेटीमास्तर; नव्या नाटकाची पदं हातात, आणि काहीही बसवलं की ते आधीच्याच नाटकातलं वाटे! शेवटी मालकांनी बजावलं, "पाडव्यापर्यंत एक तरी नवी चाल द्या मास्तर, नाहीतर दुसरा माणूस बघतो." माझी झोपच उडाली. आमचा तबलजी हुसेन म्हणाला, "भैनीचं लगीन हाय खर्ड्याला. चला. आमचे नाना अरबी गानं म्हनत्यात, तुमी ऐकलं नसंल आसलं." नानांचे वाडवडील अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आलेले. पेटी कापडात बांधली आणि निघालो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेट्रोल नाही, म्हणून नगरची मोटार कोळशाच्या गॅसवर. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. तिकीट काढून वर ढकलायचंही आपणच, वा रे वा! नगरला चहा-भजी, तिथून जामखेडची मोटार, पुढे बैलगाडी. कुणी जाणार असाल तर नाकाला बांधायला पंचा न्या, फुफाटा फार.

मांडवात नाना डफ घेऊन गायले. आधी वाटलं, म्हातारा बेसूर आहे. पण मागचे चौघेही अगदी तस्सेच म्हणत होते! गंधार ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी. मी घाईने पेटी उघडली. काळी पट्टी दाबली, सूर खाली. पांढरी दाबली, वर. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"मास्तर, पेटी मिटा, दालचा-भात गार व्हतोय," हुसेनची आई म्हणाली. जेवलो, पुन्हा वाढून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत नानांच्या मागे गात बसलो. नाना आपले मान हलवतायत, "न्हाई, न्हाई." जमेना ते जमेनाच.

परतताना गाडीत मी पार खचलेलो. गेली नोकरी, असं मनात म्हणत काहीतरी गुणगुणत होतो. हुसेनने फळीवर ठेका धरला.

"ही नानांची चाल न्हाई, मास्तर."

"मग कुणाची?"

"काय की. मी तर कदी ऐकली न्हाई."

गाडी थांबवली, पुन्हा गायलो. खरंच की! नानांचा गंधार हाती लागला नव्हता, पण त्याच्या मागे धावताना ही ओळ आली होती. मला रडूच फुटलं.

"अवो, भैनीच्या पाठवनीला मी रडलो न्हाई, आन तुमी?" हुसेन हसत सुटला.

तालमीत पद म्हणणाऱ्या बाईंना सांगितलं, "गंधारावर मी पेटीवरचा हात उचलतो, तो सूर पेटीत नाही; तिथे तुम्ही एकट्याच म्हणा." नानांचा सूर मला आजही लागत नाही. मात्र न लागण्याची धास्ती गेली, आणि हुश्श, किती मोकळं वाटलं!

मालकांनी पद दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "बाकीच्या चाली कधी देता?"

एरवी या प्रश्नाला मी पान आणायला सटकायचो. त्या दिवशी मांडी मोडली नाही, पुढच्या पदाचा कागद पेटीवर ठेवला. म्हणालो, "आत्ताच ऐकता का?"