चिंधी कोणत्या पातीची?

"आणि स्वयंपाक? स्वयंपाक कोण करणार, वन्सं? तुम्ही मांजराचं ढुंगण पुसत बसा, आणि मी ह्या वयात चूल फुंकू?"

"फुंक की! तुझ्याजवळ वारा काय कमी आहे?"

"अहो, ऐकलंत का? तुमची बहीण काय बोलते ते!"

नानानं वर्तमानपत्र आणखी वर धरलं. नाना माझा धाकटा भाऊ. लग्न झाल्यापासून तो वर्तमानपत्रामागेच राहतो. ओरडत होती ती त्याची बायको, यमुना. मी त्याची थोरली विधवा बहीण. सारे मला आक्का म्हणतात. माझं सासर धारचं, पण तिथे माझं आणि कुणाचंच पटलं नाही, म्हणून मी देवासला भावाकडे. घरातला सोवळ्याचा स्वयंपाक माझ्याकडे.

आणि त्या घडीला माझ्या पदरात उंदराएवढं एक मांजराचं पिल्लू होतं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. त्यानं नुकतीच पदरात धार सोडली होती.

"अगं, मांजराला कुठलं आलंय सोवळं-ओवळं?" मी म्हटलं.

"मांजराला नसेल. त्याच्या मुताला आहे!" यमुना म्हणाली, आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली.

* * *

विहिरीवर बायका जमल्या की एकीला तरी आठवतंच, "आक्का, ते मांजराचं सांगा ना!" एक सांगावं तर दुसरी म्हणते, "भटजींचा राहिला." तो सांगावा तर तिसरी म्हणते, "मुंग्यांचा?" परवा तर एका नव्या सुनेनं माझाच किस्सा मलाच सांगितला, आणि त्यात मांजर बोका होता! तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं.

मी शाळेत गेलेली नाही. नानाला शिकवायला मास्तर यायचे, तेव्हा मी दाराआड तांदूळ निवडत बसायची आणि ताटातल्या तांदळावर बोटानं अक्षरं काढायची. ह्या लिखाणात ज्यांना चुका काढायच्या असतील, त्यांनी आधी एक डोळे न उघडलेलं पिल्लू जगवून दाखवावं.

* * *

देवासची तऱ्हा बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. गाव एक, राजे दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. कचेऱ्या वेगळ्या, कोतवाल वेगळे. आमच्या गल्लीत तर हद्द रस्त्याच्या मधूनच गेलेली. आमची ओळ धाकट्या पातीत, समोरची थोरल्या पातीत. नाना धाकट्या पातीत कारकून. समोर तात्या राहतात, ते थोरल्या पातीत शिरस्तेदार. तात्या शिंकले तरी थोरल्या पातीतर्फे शिंकतात.

तात्यांच्या माळ्यावर त्यांची मांजर व्याली. एके दिवशी ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवायला लागली. शेवटचं पिल्लू घेऊन रस्त्यात आली आणि समोरून टांगा आला. ती ते टाकून पळाली. बाकीची कुठे लपवली होती देव जाणे, पण ह्याच्याकडे काही ती परत फिरकली नाही. मी वाट पाहिली, पाहिली, आणि उचललं. नेलं तात्यांच्या ओटीवर.

"तात्या, तुमचं पिल्लू."

तात्यांनी हात पुढे केला नाही. "कुठे पडलं होतं?"

"रस्त्यात."

"अलीकडे की पलीकडे?"

"मधोमध."

"तोंड कुणीकडे होतं?"

"तोंड आमच्या घराकडे. शेपूट तुमच्याकडे."

"मग ते धाकट्या पातीत प्रवेश करत होतं," तात्या म्हणाले. "आमचा त्याच्याशी संबंध उरला नाही."

घरी आणलं तर नाना पेपरामागून म्हणाला, "आक्का, मांजर त्यांची. थोरल्या पातीची चीज आपल्या घरात कशाला? उद्या विचारणा झाली तर?"

दोन राज्यांच्या गावात त्या चिमुकल्या जिवाला जागा नव्हती! मी म्हटलं, "बरं. मग ही माझ्या पातीची."

एका चिंधीत गुंडाळलं, म्हणून चिंधीच नाव पडलं.

* * *

पिल्लू घरात घेणं सोपं. जगवणं म्हणजे जिवाला नुसता घोर. नाना म्हणाला, गाईचं दूध सात्त्विक, तेच दे. दिलं. चिंधीला ढाळ लागले. मी एका जागी बसेना. पोथी उघडायची, दोन ओळी वाचायच्या, उठायचं, चिंधीच्या पोटाला बोट लावायचं, हलतंय का पाहायचं. परत पोथी, परत उठायचं. यमुना म्हणाली, "वन्सं, तुमच्या येरझाऱ्यांनी सारवण उखडलं!"

मग बकरीचं दूध आणलं. निम्मं पाणी घातलं, कोमट केलं, चिमूटभर साखर टाकली. पण पाजायचं कसं? बोट मोठं, चमचा मोठा. देवळातल्या समईसाठी मी रोज वाती वळते. त्यातली एक घेतली, दुधात भिजवली, ओठाशी धरली. चोखेना. गालावरून फिरवली. चिंधीनं मान वळवली, वात पकडली आणि अशी चोखायला लागली की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. चुलीच्या धुरानं आलं असेल.

"देवाच्या वाती मांजराला?" यमुना किंचाळली.

"देवाला अंधारातही दिसतं," मी म्हटलं. "हिला अजून उजेडातसुद्धा दिसत नाही!"

* * *

बकरीवाली माळवी बाई रोज दारात यायला लागली. आमच्या घरात ना बाळ, ना बाळंतीण. तिला उत्सुकता.

"कई बई, घर में नानो आयो कई?" तिनं विचारलं. म्हणजे, घरात बाळ आलं का?

चूल फुंकून फुंकून यमुनेचे डोळे लाल झाले होते. ती आतूनच ओरडली, "हो! आमच्या वन्संना झालंय!"

झालं! बकरीवाली पुढच्या दारी गेली, तिथून पुढच्या. दुपारपर्यंत बातमीनं हद्द ओलांडली. दिवेलागणीच्या आत भटजी हजर! घाम पुसताहेत, बसवत नाही, उठवत नाही.

"आक्काबाई, कानावर आलं..."

"काय आलं?"

"की ह्या घरात... म्हणजे... शास्त्रात प्रायश्चित्त आहे सगळ्याला..."

मी आत गेले. चिंधीला आणलं आणि भटजींच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या. तोंडवळा कुणावर गेलाय ते तुम्हीच पाहून सांगा!"

भटजी उपरणं विसरून गेले. परत मागायलाही आले नाहीत. चिंधीला अंथरूण झालं.

* * *

चिंधीची भूक वाढली, वात पुरेना. नानाच्या फौंटनपेनात शाई भरायची एक काचेची नळी होती, मागे रबराचा फुगा. मी ती घेतली. काय सुरेख थेंब पडायचे! दूध पाजून झालं की मी नळी यमुनेच्या बाजूला सरकवायची. मला वाटायचं यमुना धुते. यमुनेला वाटायचं मी धुते.

एके सकाळी नानानं घाईत त्याच नळीनं शाई भरली आणि कचेरीत गेला. दिवसभर झकास अक्षरात हुकूम लिहिले. संध्याकाळी साहेबांनी एक कागद उचलला, आणि हात झटकत खाली टाकला. ओळ न ओळ मुंग्यांनी भरलेली!

साहेब म्हणाले, "नानासाहेब, तुम्ही लिहिलेल्या हुकुमावर इतक्या तातडीनं हालचाल झालेली आज पहिल्यांदाच पाहिली!"

* * *

अशात धारला दिराच्या नातवाची मुंज निघाली. जायला तर हवं. चिंधीचं तोंड तर अजून नळीशिवाय चालेना. यमुना म्हणाली, "माझ्या भरवशावर ठेवू नका. मी हात लावणार नाही." मग टोपलीत उपरणं, उपरण्यात चिंधी, आणि टोपली माझ्या मांडीवर, अशा आम्ही इंदुरावरून टांग्यानं धारला पोचलो.

उतरते न उतरते तोच धाकटे दीर पुढे आले.

"वहिनी, जरा मागच्या दारानं या. मुहूर्ताची वेळ आहे. विधवा बाई आडवी यायला नको..." एवढ्यात टोपलीतून आवाज आला. दिरांचा रंग उडाला. "आणि हे काय? मांजर? आडवं जाणाऱ्या दोघी एकदमच?"

मी मांडवाच्या तोंडाशी ओट्यावर बसले. टोपली शेजारी ठेवली.

"भाऊजी, आडवं जायचं की नाही ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. प्रवास लांबचा झाला, भूक लागलीय. पोटात काही पडलं तर विचार करता येईल!"

त्या घरात सून होऊन गेल्यापासून माझं पान कधी पहिल्या पंगतीच्या आधी मांडलं गेलं नव्हतं. त्या दिवशी मांडलं. चिंधीला बकरीचं दूध आलं, चांदीच्या वाटीतून!

* * *

देवासला परत आलो आणि चिंधीचे डोळे उघडले. मी केव्हाची तयार बसले होते. तिनं पहिल्यांदा मला पाहावं, एवढी एकच माझी इच्छा. पण नेमकी मी पाणी तापवायला उठले, आणि यमुना तिथे भाजी चिरत होती.

संपलं! चिंधी यमुनेच्या मागे लागली. उठली की मागे, बसली की शेजारी. ज्या बाईनं तिला बोट लावलं नव्हतं, तिच्या लुगड्याचा काठ धरून चालायची! आणि मी इकडे नळी हातात धरून, "चिंधे, चिंधे!" अशी साऱ्या घरभर.

"वन्सं, हिला आवरा! मेली पायात येते!" यमुना दिवसभर कटकटायची.

पण चालायची मात्र हळू. यमुनेला हळू चालताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

* * *

चिंधी मोठी झाली. आणि मग प्लेगाची बातमी आली. शेजारच्या गावांत उंदीर मरून पडताहेत. देवासात कुणाचं मन थाऱ्यावर राहीना. कुणी शेतात झोपड्या बांधायला निघालं, कुणी बोचकी बांधून परत सोडली. घराघरात बिळं बुजवणं चाललं. डॉक्टरनं सांगितलं, मांजरं पाळा. सांगायचा अवकाश, ज्या मांजरांना लोक कालपर्यंत काठी मारत होते, त्यांना आज ओटीवर दूधभात!

चिंधीनं आमच्या कोठीत एक उंदीर शिल्लक ठेवला नव्हता. समोर तात्यांच्या घरात मात्र, त्यांची मांजर पिल्लं घेऊन गेली ती गेलीच, तेव्हापासून दिवसाढवळ्या उंदीर पळत होते. घरात लहान नातवंडं. भीती त्यांनाही होती, मी नाही म्हणत नाही. पण एका सकाळी तात्या आले ते थोरल्या पातीचा पट्टेवाला आणि झाकणाची टोपली घेऊनच.

"आक्का, मांजर आमच्या मांजरीचं आहे. घेऊन जायला आलोय."

"तुम्हीच म्हणालात, तुमचा संबंध नाही! ती धाकट्या पातीत प्रवेश करत होती!"

"बरोबर. प्रवेश करत होती, म्हणजे निघाली आमच्याकडून. शेपूट आमच्याकडे होतं, ही तुमचीच साक्ष आहे."

"साक्ष गेली खड्ड्यात! वातीनं पाजलंय मी तिला! ढाळ काढलेत, मूत काढलंय!"

"तो तुमचा उपकार. मिळकत आमची."

मी नानाकडे वळले. पेपर खाली आला होता. नानाचा चेहरा पांढराफटक.

"आक्का, पट्टेवाला आलाय गं. देऊन टाक. एका मांजरापायी दोन दरबारांत लिहालिही नको."

जन्मभर मी शब्दाला शब्द देत आले. धारला दिरांना दिला, भटजींना दिला. त्या सकाळी मला एक शब्द सापडेना. चिंधी माझ्या पायाशी बसून पंजा चाटत होती. पट्टेवाला टोपली उघडून वाकला. तशी ती उसळली आणि आत पळाली. पट्टेवाला मागे, तात्या त्याच्या मागे, मी सगळ्यांच्या मागे. सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

आत यमुना होती. नुकती न्हालेली, केस ओले, सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसलेली. ती सोवळ्यात असली की नानासुद्धा तिच्याशी उंबऱ्याबाहेरून बोलतो. परक्या पुरुषासमोर तर तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. तिनं भाताचं झाकण खाली ठेवलं. वाकली. जन्मात पहिल्यांदा चिंधीला उचललं, छातीशी धरलं, आणि पट्टेवाला मागे सरकेल इतकी उंबऱ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तात्या," ती म्हणाली, "मी सोवळ्यात आहे, मांजर न्यायचं तर मला शिवून न्या!"