नवव्या वहीतलं वाक्य

आधार बैसाणे, म्हणजे गावाचे नाना, फौजेतून घरी आले तेव्हा गावाला वाटलं, आता रोज पारावर शौर्याच्या गप्पा रंगणार. कसलं काय! नानांनी तोंडच उघडलं नाही. चोवीस वर्षं लष्करी इस्पितळात सुया टोचल्या, पट्ट्या बांधल्या, रात्रपाळ्या केल्या, एवढीच त्यांची लढाई. आणि मग साठी उलटल्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, शिंदखेड्याहून जाडजूड वह्या आणून नाना कादंबरी लिहायला बसले. तीही साधीसुधी नाही, हेरगिरीची.

"जन्मभर सुया टोच्यात, आते लोकेस्ना मेंदू टोचतस," असं त्यांची बायको रुक्माबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

तिचं फार खोटं नव्हतं. कादंबरीत बर्फाच्या मुलखातलं एक इस्पितळ होतं. तिथला कर्नल सैनिकांची मनं ताब्यात घ्यायचा, तेही औषधानं नाही, वाक्यानं. त्याचं म्हणणं असं की, प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी एक वाक्य हजारदा म्हटलेलं असतं. ते हाती लागलं की माणूस आपला, सांगू तिकडे जाईल. म्हणून कर्नलचे हेर बांगड्या विकणाऱ्यांचं सोंग घेऊन गावोगाव हिंडायचे, बाळंतिणीच्या दाराशी टेकायचे आणि पाळण्याशी काय म्हणतात ते कान देऊन ऐकायचे. नाना हे लिहायचे तेव्हा त्यांना स्वतःलाच कळेनासं व्हायचं की आपण ओट्यावर आहोत की त्या बर्फात. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि यांची बोटं गारठलेली.

ऐकायला एकच माणूस नेमानं यायचं, भागाबाई. वय ऐंशीच्या घरात, डोळ्यांत मोतीबिंदू, दोन गल्ल्या सोडून एकटीचं घर. दुपारी तीनला काठी टेकत यायची, खांबाला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, "वाच रे आधार." ऐकता ऐकता तिची मान कलायची. झोपली म्हणून नाना थांबले, की ती डोळे न उघडता विचारायची, "मंग? त्या बांगडीवालानं काय करं?" कडुलिंबाची सावली ओट्यावरून सरकत जायची, नरडाण्याकडून मालगाडीचा लांबलचक आवाज यायचा, आणि त्या गुंगीत बर्फातले सैनिक गावाच्या गल्लीतून चालत गेल्यासारखे वाटायचे. नानांना हा तास फार आवडायचा. आणि त्याच तासाची त्यांना भीतीही वाटू लागली होती, कारण आता नववी वही आली होती.

भागाबाईची पहिली तीन लेकरं जगली नाहीत. चौथा झाला तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर ठेवलं, म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकलेलं, याचं काय करायचं. उचलायला आली नानांची आई. तिनं पोर सुपात घेतलं, मूठभर दादर ज्वारी घेऊन परत दिलं, आणि नाव पडलं उखर्डू. पुढे पोराला ताप आला, वीज कडाडली, काहीही झालं की भागाबाई त्याला थोपटत एकच म्हणायची, "झोप रे उखर्डू, मरन तुले वयखत नही." मरण ओळखतच नाही, मग नेणार कसं? शेजारची सगळी पोरं हे ऐकत वाढली. आधारही.

उखर्डू फौजेत गेला आणि सव्वीस वर्षांपूर्वी बर्फाच्या कड्याखाली गेला. हे गावाला ठाऊक होतं. त्याआधीचे दोन आठवडे तो नानांच्या वॉर्डात होता, हे मात्र नानांनी कुणालाही, अगदी रुक्माबाईलाही, सांगितलं नव्हतं. उंचावरच्या चौकीवरून त्याला खाली आणला होता. बोलत नव्हता, झोपत नव्हता, छताकडे बघत पडून असायचा. डॉक्टर म्हणाले होते, आठ दिवस बघू, नाहीतर घरी पाठवू. सहाव्या दिवशी नानांना ते पोर बघवेना. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आपल्या बोलीत ते वाक्य म्हटलं.

आणि उखर्डू बरा झाला. तिथंच घात झाला. त्याची भीती अशी गेली की मागमूस उरला नाही. दुसऱ्याची पाळी असताना तो हसत हसत स्वतः वर गेला.

कर्नल, हेर, बांगडीवाले, सगळे नानांनी नंतर उभे केले, आपला गुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घालायला. पण नवव्या वहीत कर्नलला नथ्थू नावाच्या शिपायाच्या कानात वाक्य म्हणायचं होतं, आणि नानांना दुसरं वाक्यच सुचत नव्हतं. आठ दिवस त्यांनी खोटी वाक्यं लिहिली नि खोडली. खरं वाचलं तर म्हातारी ओळखणार, पुन्हा या ओट्यावर पाय ठेवणार नाही. खोटं वाचलं तर तीनशे पानं लिहिली कशाला?

त्या दुपारी त्यांनी खरं वाचलं. फक्त नथ्थूच्या जागी तोंडातून उखर्डू निघालं.

भागाबाईची मान वर आली. आत रुक्माबाई डाळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"तू व्हता त्याजोडे?" भागाबाईनं विचारलं.

"हां, अक्का."

नानांनी वही मिटली आणि सगळं सांगितलं, सहावा दिवस, आठ दिवसांची मुदत, काहीही न लपवता. आता ती शिव्या देईल, काठी उगारेल, म्हणून ते खाली मान घालून बसले. द्यायलाच हव्यात, असंही त्यांना वाटत होतं.

"त्यानी चिठ्ठीमा लिखेल व्हतं, 'माय, झोप येत नही,'" ती म्हणाली. "मी इतला वरीस त्याच इचार करस. तुनं आयकीसन झोपना का तो?"

"झोपला. दोन दिवस, दोन रात्री. लहान पोरासारखा, एका कुशीवर."

"जेवना?"

"उठल्यावर जेवला. तीन पोळ्या खाल्ल्या, वरून मिरचीचा ठेचा मागितला."

भागाबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं, अगदी थोडं. तिनं काठी मांडीवर आडवी घेतली आणि ती हळूहळू थोपटू लागली. मग थांबली.

"दोन दिवस झोपना," ती म्हणाली. "मंग उठाडाले नको व्हतं रे आधार त्याले."

"नको व्हतं, अक्का," नाना म्हणाले, आणि वहीवर डोकं टेकून रडू लागले.